नितळ पाण्याची परीक्षा

श्रोतेहो, आम्ही कवींनी नितळ पाण्याचे फार कौतुक केले आहे. तळ दिसला की पाणी शुद्ध, असे आपण धरून चालतो. वजूसाठी वाहते पाणी घेताना त्याचा रंग, चव आणि वास बिघडलेला नाही ना, हे पाहण्याची आमच्याकडे रीत आहे. पाणी भरणाऱ्या आयाबायाही हेच पाहतात. ही पारख खोटी नाही, पण पिण्यासाठी अपुरी आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचे जंतू सापडले. ते नुसत्या डोळ्यांना कसे दिसणार?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणा, बोरी, बाणगंगा उन्हाळ्यात डबक्यांवर येतात. काठावरची घाण पहिल्या पावसाबरोबर पात्रात उतरते. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात महापूर आला. पुरात बुडालेल्या विहिरीचे पाणी चार दिवसांनी निवळते. माणूस फसतो तो तिथेच.

प्रयोगशाळा प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही. ती ई. कोलाय शोधते. हा माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा जंतू. तो सापडला, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली. हगवण, विषमज्वर, कावीळ यांना वाट मोकळी झाली. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळू नये, असे भारतीय मानक सांगते.

नमुन्याची निर्जंतुक बाटली विसळायची नसते. तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे औषध असते. भरलेली बाटली थंड पेटीतून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करावी. पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे.

पण नमुना कोणत्या नळाचा, हा खरा प्रश्न आहे. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन पोचतो. गळक्या पाइपातून, गटाराशेजारून पाणी जाते ते शेवटच्या वस्तीला, आणि ती वस्ती बहुधा गरिबांची असते. ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळाले तर गावाची अब्रू जाते, म्हणून सोयीच्या नळावर बाटली भरू नये. अब्रू कार्डाने जात नाही, हगवणीने दगावलेल्या लेकराने जाते.

येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: नमुना कधी घेतला, कुठून घेतला आणि अहवाल काय आला? उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून प्या.