टाके निघाल्यानंतर

एमआयडीसीतील आमच्या एका सोबत्याच्या जबड्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तंबाखूचा बार आम्हीही त्याच्याबरोबर भरीत होतो, म्हणून उपदेश करीत नाही. टाके निघाले, आम्ही हार घालून परतलो. चुकलो ते इथेच. पुढे त्याचे तोंड दोन बोटेही उघडेना. परिचारिकेने शिकविले होते: दातांत लाकडाच्या चपट्या पट्ट्या धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची, नळीतून अन्न देताना बसते ठेवायचे, आखडलेला खांदा रोज हलवायचा. पण करून घेणार कोण? वहिनी कामावर. तेव्हा आम्हीच पाळ्या लावल्या. राज्य विमा योजनेत कर्करोग्याला रोजाच्या ८० टक्के वाढीव आजारभत्ता दोन वर्षांपर्यंत मिळतो. अट दोन वर्षांच्या सलग नोकरीची. कंत्राटी माणसाने ती आणावी कोठून? सोबत्याच्या पट्ट्या आता नऊ झाल्या. परवा त्याने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली.