रंगगोळीची बंदूक कां बिघडते?

रंगगोळ्यांची बंदूक प्रथम निघाली ती झाडांवर व गुरांवर खुणा करण्यासाठीं. तिचा खेळ झाला तो १९८१ सालीं, अमेरिकेंत. रचना साधी आहे. स्प्रिंग हातोडीला पुढें लोटते, हातोडी झडप उघडते, आणि सुटलेला वायु गोळी फेंकतां फेंकतांच हातोडीला मागें सारून आंतील खटक्यांत अडकवितो.

हौशी खेळाडू वेग वाढावा म्हणून ताठ स्प्रिंग बसवितो. मग वायूचें बळ अपुरें पडतें, हातोडी खटक्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि चाप एकदांच ओढला तरी बंदूक फटफट उडत राहते. अशा वेळीं खटका कानशीनें घासण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो घातक होय. पुढें चाप न ओढतांही बंदूक सुटूं शकते. आधीं वायूची टाकी व गोळ्या काढून जुनी स्प्रिंग बसवावी. तेवढ्यानें दोष गेला तर खटका निर्दोष ठरला. न गेल्यास रबरी वायसर पाहावा.

वऱ्हाडांत यांत हवेची भर पडते. कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंशांवर सुमारें ५७ वातावरणांइतका असतो. ३१ अंशांपुढें तो द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं. अकोल्याचा मे महिना तर ४५ अंश गांठतो! सकाळीं बेतानें लावलेली बंदूक दुपारीं अधिक वेगानें मारते. सेकंदाला ३०० फुटांची मर्यादा मैदानांवर सामान्यतः पाळतात, ती डोळ्यांसाठीं. म्हणून वेग मोजावा तो खेळाच्या वेळींच, आणि मुखवटा चढवून. अमरावतीच्या पावसाळ्यांत मात्र जिलेटिनच्या गोळ्या दमट हवेनें फुगून नळींतच फुटतात; तेथें स्प्रिंगचा कांहीं दोष नसतो.