बॅटरीची खरी परीक्षा



किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. त्या क्षणी बॅटरीवर किती ताण पडतो, हे ती बसल्याशिवाय आपल्या लक्षात येत नाही. हा ताण मोजण्यात माझे आयुष्य गेले.

चिंचवडला एक्साइडचा कारखाना १९६९ साली सुरू झाला. पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज टेम्पो होतेच. गाड्या वाढल्या तशी बॅटरी दुरुस्तीची दुकानेही वाढली. भोसरीतल्या अशाच एका दुकानात सत्तरच्या दशकात मी उमेदवारीला लागलो.

तेव्हाच्या बॅटरीचे खोके काळ्या, कडक रबराचे असे. वर डांबरासारखा थर आणि सहा सेल जोडणाऱ्या शिशाच्या उघड्या पट्ट्या. तपासायची साधने तीन. हायड्रोमीटरच्या नळीत आम्ल ओढायचे, आकडा १.२८०च्या आसपास आला, तर सेल पूर्ण चार्ज. मग व्होल्टमीटर, एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट, सहांचे मिळून १२.६. तिसरा लोड टेस्टर. त्याची दोन टोके पट्ट्यांवर दाबली, की सेल्फ मारल्यासारखा मोठा प्रवाह काही सेकंद वाहतो. दुबळ्या सेलचा काटा तिथेच कोसळतो.

एकदा चाकणचे एक कांदा व्यापारी टेम्पोची बॅटरी घेऊन आले. रात्री मुंबईला माल न्यायचा होता. मी बॅटरी चार्ज केली. आम्लाचा आकडा चांगला, व्होल्टही पुरे. दुकान बंद करायची घाई होती, म्हणून लोड टेस्टर लावलाच नाही. "बॅटरी ठीक आहे," असे सांगून मोकळा झालो.

पनवेलजवळ ते चहाला थांबले आणि टेम्पो पुन्हा सुरू होईना. कांद्याने भरलेली गाडी अपरात्री ढकलणार कोण? बाजारात पोहोचेपर्यंत भाव उतरला होता. दुसऱ्या दिवशी ते आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही ठीक म्हणालात, म्हणून निघालो."

मिस्त्रींनी तीच बॅटरी माझ्यासमोर लोडवर घेतली. एका सेलचा काटा क्षणात खाली आला. आतला जोड झिजला होता. थोड्या प्रवाहाला तो पुरत होता, मोठ्याला नाही. मिस्त्री म्हणाले, "बसलेला बैल सगळ्यांनाच धडधाकट दिसतो. गाडीला जुंपून बघ."

पुढे प्लॅस्टिकची खोकी आली, पट्ट्या आत गेल्या. आता लिथियमचे दिवस आहेत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यावर एक विजेची स्कूटर पेटली, देशात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे सुरक्षानियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. आता एक सेल मुद्दाम बिघडवून त्याची आग शेजारच्या सेलना लागते का, हेही तपासतात. साधने बदलली, पण जुंपून बघण्याची रीत तीच.

श्रोतेहो, बॅटरी तपासायला द्याल तेव्हा नुसत्या व्होल्टच्या आकड्यावर समाधान मानू नका. "लोडवर घेतली का?" एवढे जरूर विचारा. त्या दिवशी मला हे कोणी विचारले असते, तर एका माणसाचे नुकसान टळले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)