शेडमधल्या दिव्याचं घड्याळ



आज बोलूया अंड्याच्या कोंबड्या पाळणाऱ्या गटांसाठी. या कोंबड्यांना सूर्याचा आणि दिव्याचा मिळून दिवसाला साधारण १६ तास उजेड लागतो, तोही रोज ठरल्या वेळी. त्यात गोंधळ झाला की अंडी घटतात आणि गटाचा हप्ता अडतो. म्हणून काही ठिकाणी दिवे आपोआप लावणारी इंटरनेटची पेटी बसवतात. पहाटे उठणं वाचतं. पण त्या पेटीला वेळ कळते कशी, हे आपल्याला माहीत हवं.

पेटीत काडेपेटीएवढा छोटा संगणक असतो. वीज असेपर्यंत तो सेकंद मोजतो. वीज गेली की सगळं विसरतो. वीज आली की बहुधा १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतो! मग इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेतो. पण वीज आली आणि रेंज नसली, तर विचारणार कोणाला?

दुसरी गोष्ट. इंटरनेटवरून मिळते ती जागतिक वेळ. आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. हा फरक पेटीत भरला नसेल, तर पहाटे ४ चा दिवा सकाळी साडेनऊला लागेल.

यावर उपाय सोपा आहे. मनगटी घड्याळासारखा गोल सेल असलेलं वेगळं छोटं घड्याळ पेटीत बसवता येतं. त्याला ‘आरटीसी’ म्हणतात. वीज नसली तरी ते चालू राहतं. तेही थोडं पुढेमागे होतं, म्हणून रेंज असेल तेव्हा पेटीने दिवसातून एकदा तरी वेळ जुळवून घ्यावी.

पेटी घेताना मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. आरटीसी आहे का? भारताची वेळ भरली आहे का? सेल कधी बदलायचा?

आणि पैसे देण्याआधी परीक्षा घ्या. इंटरनेट बंद करा. पेटीची वीज दहा मिनिटं काढा, मग पुन्हा लावा. पेटीतली वेळ मोबाईलशी जुळली, तर पेटी पास. नाही जुळली, तर पैसे थांबवा. सेल बदलायची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा.

विचारायला लाजू नका, बायांनो. पैसा गटाचा आहे.