दुकानातली उधारीची वही

आम्ही चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या एका गावातल्या बचत गटातल्या बायका. आज बोलायचंय ते आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाविषयी. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय? पण बघा, डाळीत खडे निघाले की आपण गावभर सांगतो. माल चोख मिळाला की पिशवी उचलून गुपचूप घरी येतो.

आमच्याकडे कारखान्यांमुळे घरोघरी भाडेकरू. कोणी बीड-लातूरकडचे, कोणी बिहारचे. दुकानदार काका पाव किलो तांदूळ मागणाऱ्यालाही तोंड वाकडं करत नाहीत. लेकराच्या हाती चिठ्ठी पाठवली, तर उरलेले पैसे त्याच चिठ्ठीत गुंडाळून देतात.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. कंत्राटी कामगारांचं काम थांबलं, पगार थांबला. आमच्यातल्या एकीच्या खोलीत भाडेकरीण होती, पदरात तान्हं मूल. ती दुकानाच्या पायरीशी नुसतीच उभी राहिली. मागायची तिला लाज वाटत होती. काकांनी वही काढली, नाव विचारलं आणि पीठ, डाळ, तेल बांधून दिलं. "काम लागलं की बघू," एवढंच बोलले. अशी किती नावं त्या वहीत चढली! काही लोक गावी गेले ते परतलेच नाहीत. त्यांची उधारी अजून तशीच आहे.

काका देवमाणूस आहेत असं नाही हं. एकदा आमची साखर कमी भरली होती. आम्ही परत नेली. वाद न घालता त्यांनी पुन्हा वजन केलं, कमी पडलेली भरून दिली, वर काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्काही दाखवला. तेव्हापासून आम्ही शिक्का बघायला शिकलो. सगळेच दुकानदार असं ऐकून घेत नाहीत. कोणी दाद दिली नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तो लिहून ठेवा.

आता गावात मोठी दुकानं आली. सुना मोबाइलवरून सामान मागवतात. स्वस्त पडतं, त्यांना नावं कशाला ठेवायची? पण काकांचं गिऱ्हाईक तुटतंय, हे दिसत होतं. गटाच्या बैठकीत दिवाळीच्या किराण्याचा विषय निघाला. मुंबई ग्राहक पंचायतीत १९७५ पासून बायका गट करून एकत्र वाणसामान घेतात, तसं आपणही थेट ठोक बाजारातून आणू, असं काहींचं म्हणणं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, सगळ्यांची एकच यादी करायची, पण ती काकांकडेच द्यायची आणि ठोक मालाचा भाव मागायचा.

यादी देताना दुकानात गर्दी होती. आमच्यातली थोरली मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "काका, टाळेबंदीत तुम्ही वही उघडली होती, म्हणून आलोय."

काकांनी चष्मा पुसला, यादी हातात घेतली आणि विचारलं, "पोहे जाड लिहू की पातळ?"