नोंद संगणकावर, लक्ष रुग्णाकडे



विष्णुपुरी येथील नांदेडच्या शासकीय रुग्णालयात हिंगोली, परभणीप्रमाणेच तेलंगणातूनही रुग्ण येतात. लातूरच्या शासकीय रुग्णालयावरही आसपासच्या जिल्ह्यांची भिस्त आहे. दूरच्या रुग्णाचा जुना कागद हरवला, तर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. संगणकीय नोंदीचे मोल येथेच आहे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक त्याचसाठी आहे.

परंतु नोंद करणाऱ्या डॉक्टरांची अडचण दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेतील २०१६ सालच्या एका पाहणीत, रुग्णासमोरील प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणक व टेबलकामात खर्ची पडत असल्याचे आढळले. बाह्यरुग्ण विभागासमोर रांग असताना हे कसे परवडावे?

म्हणून नाव, वय, गाव यांची नोंद खिडकीवरच पूर्ण व्हावी. नेहमीच्या औषधांची यादी पडद्यावर तयार असावी. कागदावर व संगणकावर एकच मजकूर दोनदा लिहावा लागू नये. प्रणाली ठरविताना डॉक्टर व परिचारिका यांचे मत आधी घ्यावे.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी गावकऱ्यांना ‘आभा’ क्रमांक काढण्यास साहाय्य केल्यास खिडकीवरचे काम हलके होईल. वाचलेला प्रत्येक क्षण अखेर रुग्णाच्याच वाट्याला येईल.