मी आवळलेले बोल्ट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘उद्योगातील अनुभव’ हा विषय दिला आहे. मी उद्योगपती नव्हे. चिंचवडच्या मोटार कारखान्यात अठ्ठावीस वर्षे पाळीवर राबलेला कामगार आहे. तेव्हा ज्या एका व्यवहारात मी मालक झालो, तेवढाच आपल्यापुढे ठेवतो.

टेल्को कंपनीची स्थापना 1945 सालची. जमशेदपूरला 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनू लागल्या आणि 1977 मध्ये पुण्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. मी त्याच्या पुढल्या वर्षी कामावर लागलो. 1986 मध्ये ‘407’ ही लहान मालमोटार निघाली. जपानी सहकार्याच्या गाड्या त्या वेळी बाजारात उतरल्या होत्या. त्यांच्याशी तिला टक्कर द्यावयाची होती.

माझ्याकडे काम होते मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आवळण्याचे. पाटे आणि आस यांना एकत्र जखडून धरतात ते हे बोल्ट. ठरलेला जोर लागला की हातातील पाना ‘टक्’ असा आवाज देई, आणि चेसिस पुढे सरके. असे हजारो ‘टक्’ मी ऐकले. पुढे त्या गाडीचे काय होते, हा विचार मनात कधी आला नाही. येण्याचे कारणही नव्हते.

माझे धाकटे बंधू ओतूरला शेती करीत. कांदा वाशीच्या बाजारात न्यावयाचा तर भाड्याच्या गाडीवाल्याची मनधरणी करावी लागे. 1994 साली मी 407 घेण्याचे ठरविले. घरातील वडील मंडळींना ते रुचले नाही. ‘नोकरदाराच्या दारात ट्रक शोभत नाही’ असे एका मामांनी स्पष्ट सांगितले. आपल्या ज्ञातीत हा समज अजूनही पुरता गेलेला नाही, हे येथे नमूद करतो. सुरुवातीला भरावयाची रक्कम पतपेढीने दिली. दोन जामीनदारांपैकी एक सद्गृहस्थ या सभागृहातच बसले आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

मागणी इतर गिऱ्हाइकांप्रमाणे विक्रेत्याकडेच नोंदविली. गाडी आली ती हौद्याविना. मी प्रथम खाली वाकून मागचे पाटे पाहिले. नटांवर रंगाची खूण होती. ती माझ्या पाळीतील की दुसऱ्या, हे कळण्यास मार्ग नव्हता. तरी मी ती माझीच मानली. मग हौदा बांधून झाला, आरटीओत पासिंग झाले. नोंदणी पुस्तकात मालक म्हणून माझे नाव आणि त्याच पुस्तकात कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा. मातोश्रींनी विचारले, “गाडी आपली ना रे?” मी म्हटले, “आपली.” ते अर्धेच खरे होते.

तीन महिन्यांनी, भर पावसात, माळशेज घाट उतरून मुरबाडच्या अलीकडे गाडी अडली. मागचा आस जागेवरून सरकला होता. बंधूंचा निरोप मिळताच मी गेलो. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने खाली शिरून तुटलेला सेंटर बोल्ट माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, “नवी गाडी भरून धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले होते का?” नव्या पाट्यांची थप्पी भाराने दबते, मग बोल्ट सैल पडतात आणि सारा रेटा त्या मधल्या लहान बोल्टवर येतो, हे त्याने मला समजावून सांगितले. मला! सोळा वर्षे तेच बोल्ट आवळणाऱ्या माणसाला! मी कोठे काम करतो हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. गाडीत मालही मर्यादेपेक्षा जास्त भरला होता, हे बंधूंनी नंतर कबूल केले.

घरी येऊन गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढले. बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना त्यात स्पष्ट छापलेली होती. ‘यात मला काय वाचावयाचे?’ म्हणून मी ते उघडलेच नव्हते.

कांदा भिजून गेला आणि दोन हप्ते थकले. पतपेढीचे चिटणीस घरी आले तेव्हा ते वसुलीची भाषा करतील असे वाटले होते. त्यांनी खर्चाची वही मागितली. वही नव्हतीच. त्या रात्री त्यांनी स्वतः रकाने आखून दिले: डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती, हप्ता. कांद्याच्या हंगामाबाहेर गाडी दुसऱ्यांच्या मालाला लावावी, हेही त्यांनीच सुचविले.

अमावस्येला गाडी रस्त्यावर काढावयाची नाही, असा मातोश्रींचा दंडक होता. मी त्या श्रद्धेशी वाद घातला नाही. दर अमावस्येला ओतूरला जाऊन पाना घेऊन गाडीखाली शिरू लागलो. लाइनवर येणाऱ्या नव्या मुलांनाही त्या ‘टक्’नंतर काय घडते ते सांगू लागलो, काही हसत, काही ऐकत.

1999 साली कर्ज फिटले. संस्थेच्या सहीचा नमुना 35 आरटीओत देऊन बोजा कमी करून घेतला आणि ते पुस्तक मातोश्रींपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाल्या, “पाच वर्षांपूर्वीच आपली म्हणाला होतास.”

ती वही आणि हप्त्यांच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. ज्या तरुणांना वाहन घ्यावयाचे आहे त्यांनी रविवारी सकाळी घरी यावे. वहीतील पहिले तीन महिने कोरे आहेत, ते मी तोंडी सांगेन.